वार्धक्य मोजावे कसे?

(संघाच्या हेदवी येथील वार्षिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रीदशभुज लक्ष्मीगणेशाच्या या क्षेत्री आपण सर्व एकत्र जमलो आहो. मुंबईपुण्याहून आलेली मंडळी आहेत, तशी वर्षभर येथेच राहून घरे, आगरे आणि देवस्थानांचे उत्सव सांभाळणारी मंडळीही आहेत. व्यवस्थापक मंडळाने आम्हांस जो विषय सुचविला तो वरवर पाहता आकडेशास्त्राचा आणि म्हणून रुक्ष वाटेल. तथापि आजच्या सर्वसाधारण सभेपुढे वृद्धसाहाय्यनिधीच्या नियमांत दुरुस्ती करण्याचा जो ठराव यावयाचा आहे, त्याच्याशी या विषयाचा अगदी निकटचा संबंध आहे. निधीचा लाभ साठ वर्षे पूर्ण झालेल्यांस मिळावा, असा आपला आजवरचा नियम. लाभार्थी वाढत चालले आणि निधी मात्र त्या मानाने वाढला नाही, यास्तव ही मर्यादा पासष्टावर न्यावी, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. साठीचा आधार काढून घेणे हा वडीलमंडळींवर अन्याय होय, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही पक्षांची तळमळ खरी आहे. परंतु दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती अशी की, वार्धक्य मोजण्याचे माप म्हणजे जन्मापासून लोटलेली वर्षे. हे गृहीतच तपासून पाहावे, असा आमचा आजचा हेतू आहे.

प्रथम रूढ माप कोणते ते पाहू. लोकसंख्याशास्त्रात साठ किंवा पासष्ट वर्षांवरील माणसांची संख्या घेतात आणि तिला कामाच्या वयातील माणसांच्या संख्येने भागतात. दर शंभर कर्त्या माणसांमागे किती वृद्ध, असा जो आकडा येतो त्यास वृद्धावलंबन प्रमाण म्हणतात. आपल्या देशाच्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसांस पंधरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांशी ताडून पाहण्याची वहिवाट आहे. या हिशेबाने १९६१ साली दर शंभर कर्त्यांमागे १०.९ वृद्ध होते. २०११ साली ते १४.२ झाले. एकूण लोकसंख्येत साठीवरील माणसे १९६१ साली ५.६ टक्के होती, ती २०११ साली ८.६ टक्के, म्हणजे सुमारे दहा कोटी अडतीस लाख झाली. महाराष्ट्रात हेच प्रमाण २०११ साली ९.९ टक्के होते. केरळ, गोवा, तामिळनाडू ही राज्ये याबाबतीत आपल्याही पुढे होती.

या वाढीची कारणे दोन. माणसे अधिक जगू लागली हे पहिले आणि मुले कमी होऊ लागली हे दुसरे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले, इतके जननमान खाली आले आहे. आजोबांच्या पिढीत सहासात भावंडे असत. नातवाच्या पिढीत एक किंवा दोन. तेव्हा म्हाताऱ्या माणसामागे हात लावणारी माणसे कमी होणार, हे उघड आहे. या आकड्यांकडे पाहून पुष्कळ विचारवंतांनी भीतीचे चित्र रेखाटले. वृद्धांचा भार तरुणांच्या खांद्यांस पेलवणार नाही, अशी भाषा रूढ झाली.

आता या मापाचा दोष कोठे आहे ते पाहू. साठ किंवा पासष्ट ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती कायद्याने आखली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळी १८८९ साली वृद्धवेतनाचा कायदा झाला, तेव्हा वयोमर्यादा सत्तर होती. १९१६ साली ती पासष्ट करण्यात आली. आपल्याकडे तर एकच सरकार एकाच माणसास निरनिराळ्या वयांत म्हातारा ठरविते. राज्य शासनाचे बहुसंख्य कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. केंद्र शासनाचे, १९९८ पासून, साठाव्या. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयी २००७ साली झालेल्या कायद्यात साठ ही मर्यादा आहे. श्रावणबाळ योजनेत पासष्ट. राज्य परिवहनाच्या गाडीत पासष्टीनंतर अर्धे भाडे आणि, २०२२ सालापासून, पंचाहत्तरीनंतर विनामूल्य प्रवास. केंद्राच्या आयुष्मान योजनेत २०२४ साली सत्तर वर्षांवरील सर्वांस उत्पन्नाची अट न घालता सामावून घेण्यात आले. तेव्हा म्हातारा कोण, या प्रश्नास खुद्द शासनाजवळच एक उत्तर नाही.

शिवाय ज्या वर्षांवर ही सारी मोजदाद चालते, ती वर्षेच कितपत विश्वासार्ह आहेत? आपल्या जुन्या पिढीतील कितीतरी मंडळींची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आढळते. मुलास शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी अंदाजाने तारीख घातली, आणि पुढे तीच नोकरीस, निवृत्तीस आणि सवलतीस कायम झाली. जनगणनेच्या वेळीही माणसे आपले वय साठ, पासष्ट, सत्तर असे गोळाबेरजेने सांगतात. ज्यांच्या घरी जन्मपत्रिका जपली गेली त्यांचे ठीक. परंतु स्त्रियांच्या पत्रिका आणि माहेरची नोंद पुष्कळदा हरवलेली असते. अशा अंदाजी तारखेवर एका दिवसाच्या फरकाने कोणास साहाय्य द्यावयाचे आणि कोणास नाकारावयाचे, यात न्याय कितीसा?

आता नव्या मापांकडे वळू. नॉर्मन रायडर या अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली असे सुचविले की, जन्मापासून किती वर्षे लोटली हे मोजण्याऐवजी मृत्यूपर्यंत सरासरीने किती वर्षे उरली हे मोजावे. ही कल्पना पुढे वॉरन सँडरसन आणि सर्गेई शेर्बोव्ह या दोघा संशोधकांनी २००५ पासून पद्धतशीर विकसित केली. व्हिएन्नानजीक लाक्सेनबुर्ग येथील आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेत हे काम झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या वयास सरासरीने पंधरा वर्षांचे आयुष्य शिल्लक राहते, ते वय वार्धक्याचा उंबरठा मानावा. आयुर्मान वाढले की उंबरठा आपोआप पुढे सरकतो. घटले की मागे येतो. एक उदाहरण त्यांनी दिले आहे. फ्रान्समध्ये १९५२ साली तीस वर्षांच्या स्त्रीपुढे सरासरीने ४४.७ वर्षांचे आयुष्य होते. २००५ साली तितकेच आयुष्य चाळीस वर्षांच्या स्त्रीपुढे होते. म्हणजे पुढे पाहून मोजले तर २००५ ची चाळिशी ही १९५२ ची तिशीच होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते, असे आपण वाचतो. याचा अर्थ त्या काळी माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत असा नव्हे. पुष्कळ बालके पहिल्या पाच वर्षांतच दगावत, म्हणून सरासरी खाली येई. जो साठीपर्यंत पोहोचला त्याच्यापुढे आणखी काही वर्षे असतच. म्हणून वार्धक्याच्या हिशेबास जन्मवेळचे आयुर्मान उपयोगी नाही. साठीस पोहोचलेल्या माणसापुढे किती आयुष्य उरते, हा आकडा हवा. भारत सरकारच्या नमुना नोंदणी योजनेप्रमाणे १९७० ते ७५ या काळात साठाव्या वर्षी उरलेले सरासरी आयुष्य तेरा ते चौदा वर्षे होते. २०१४ ते १८ या काळात ते सुमारे अठरा वर्षे झाले. पंधरा वर्षांचा निकष लावला तर पहिल्या काळात वार्धक्याचा उंबरठा साठीच्याही अलीकडे, सत्तावन्न-अठ्ठावन्नाच्या सुमारास पडतो; दुसऱ्या काळात तो चौसष्ट-पासष्टापर्यंत पुढे जातो. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत उंबरठा सहासात वर्षे पुढे सरकला. या मापाने पाहिले तर वृद्धावलंबनाची चढण बरीच सौम्य दिसते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१९ च्या आपल्या वार्धक्यविषयक अहवालात जुन्या मापाबरोबर हे नवे मापही छापले आहे, यावरून त्यास केवढी मान्यता मिळाली हे ध्यानी येईल.

येथवर ऐकून पासष्टाचा पक्ष धरणारी मंडळी म्हणतील, आमचे म्हणणे शास्त्रानेच सिद्ध झाले! परंतु थोडे थांबावे. उरलेले आयुष्य ही सरासरी आहे. आणि सरासरीच्या पोटात फार मोठे अंतर दडलेले असते. जन्मभर सावलीत बसून लेखणी चालविलेला माणूस आणि जन्मभर गिरणीत सूत ओढलेला किंवा खाडीवर जाळे ओढलेला माणूस, दोघेही एकाच दिवशी साठ वर्षांचे झाले, तरी दोघांच्या देहाचे वय एक नसते. हे ओळखूनच सँडरसन आणि शेर्बोव्ह यांनी आयुष्य मोजण्यावर न थांबता देहाची शक्ती मोजण्याकडे लक्ष वळविले. हाताच्या मुठीचा दाब किती, हे एक साधे यंत्र सांगते. तो दाब ताडून पाहता अधिक शिकलेल्या माणसाची मूठ कमी शिकलेल्या, पण वयाने काही वर्षे लहान अशा माणसाइतकी घट्ट आढळते. दुसऱ्या काही संशोधकांनी २०१९ साली रोगांच्या भारावरून मोजणी केली. जगाच्या सरासरीत पासष्ट वर्षांच्या माणसास वार्धक्यजन्य आजारांचा जितका भार असतो, तितका जपानमध्ये शहात्तराव्या वर्षी आणि पापुआ न्यू गिनीत शेहेचाळिसाव्या वर्षीच येतो, असे त्यांस आढळले. तीस वर्षांचे हे अंतर! एका देशातील दोन घरांमध्येही असे अंतर असू शकते, हे सांगावयास नको.

म्हणून तिसरे माप पुढे आले. सँडरसन आणि शेर्बोव्ह यांनीच २०१० साली सुचविले की, वयाची रेषाच पुसून टाकावी. वीस वर्षांवरील सर्व माणसे घ्यावी. त्यांतील ज्यांस देहाच्या अपंगत्वामुळे दुसऱ्याच्या मदतीची गरज आहे त्यांची संख्या, गरज नसलेल्यांच्या संख्येने भागावी. मदतीची गरज ओळखण्याची कसोटी वैद्यकशास्त्रात पूर्वीच तयार होती. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ साली ती मांडली: माणूस स्वतः स्नान करतो काय, वस्त्र नेसतो काय, शौचास जातो काय, अंथरुणावरून उठतो काय, मलमूत्रावर त्याचा ताबा आहे काय, आणि स्वतःच्या हाताने जेवतो काय. हे सहा प्रश्न विचारावयास कोणतेही यंत्र लागत नाही, कोणताही दाखला लागत नाही. आपल्या देशात मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली वार्धक्याची एक दीर्घकालीन पाहणी आरंभिली. पंचेचाळीस वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून बहात्तर हजारांहून अधिक माणसांस त्यांनी असे प्रश्न विचारले, त्यांच्या मुठीचा दाब आणि चालण्याची गतीही मोजली. आपल्याच राज्यातील पुण्याच्या गोखले संस्थेत कुमुदिनी दांडेकर यांनी भारतातील वृद्धांवर १९९६ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता, हेही येथे कृतज्ञतेने नमूद करितो.

चौथे माप पैशाचे. कोणत्या वयाची माणसे किती मिळवितात आणि किती खर्चितात, हे मांडून रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन या अर्थशास्त्रज्ञांनी पिढ्यापिढ्यांतील देवघेवीचा हिशेब उभा केला. या हिशेबात साठीवरील माणूस केवळ घेणारा ठरत नाही. तो देणाराही असतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या ग्रामीण भागात साठीवरील पुरुषांपैकी ६६ टक्के आणि स्त्रियांपैकी २८ टक्के काम करीत होत्या. शहरात हेच प्रमाण अनुक्रमे ४६ आणि ११ टक्के होते. यांतही पैशाने न मोजले जाणारे काम धरलेले नाही. आगरात शिंपणे घालणारे आजोबा, सुपारी सोलणाऱ्या, आमसुले वाळविणाऱ्या आणि नातवंडे सांभाळणाऱ्या आजी, देवाची नित्यपूजा चालविणारे वडीलधारे, यांस अवलंबित म्हणावयाचे म्हणजे शब्दाचा अनर्थच होय.

आता ही चारही मापे घेऊन आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात येऊ. येथे एक असा प्रकार दिसतो की, जो देशाच्या सरासरीत कोठेच दिसत नाही. २००१ साली या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती; २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत एक्याऐंशी हजारांनी घटली. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली होती. आपला जुळा भाऊ सिंधुदुर्ग, त्याचीही लोकसंख्या याच काळात घटली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया राज्यात ९२९, तर रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२. या आकड्यांचा अर्थ आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. कर्ती माणसे, विशेषतः कर्ते पुरुष, घाटावर आणि मुंबईस आहेत. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. प्रथम आगबोटीने, मग राज्य परिवहनाच्या गाडीने, आणि १९९८ सालापासून कोकण रेल्वेने चाकरमानी जात आले आणि येत आले. पूर्वी परत येण्याचे एक वय ठरलेले असे. गिरणीतून निवृत्त झालेला माणूस गावी परतून घर धरी. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला. मुलांनी उपनगरांत बिऱ्हाडे केली, नातवंडांच्या शाळा तिकडे झाल्या, आणि परतणे लांबणीवर पडले. येथे उरली ती वडीलधारी माणसे आणि कुलूप लावलेली घरे.

अशा ठिकाणी मापे काय सांगतात ते एका कल्पित वाडीच्या उदाहरणाने पाहू. समजा, वाडीत दोनशे माणसे राहतात. चाळीस मुले, शंभर माणसे पंधरा ते एकोणसाठ वयाची, आणि साठ माणसे साठीवरील. जुन्या मापाने दर शंभर कर्त्यांमागे साठ वृद्ध, म्हणजे देशाच्या सरासरीच्या चौपटीहून अधिक! ऐकणारा घाबरून जाईल. आता उंबरठा पासष्टावर नेऊ. समजा, साठ ते चौसष्ट वयाची सोळा माणसे आहेत. ती कर्त्यांत मिळविली तर कर्ते एकशे सोळा आणि वृद्ध चव्वेचाळीस. दर शंभरी अडतीस. पुढे समजा, घरोघर जाऊन कॅट्झचे सहा प्रश्न विचारले, आणि मुले वगळून उरलेल्या एकशे साठ माणसांपैकी पंधरांनाच रोज दुसऱ्याच्या हाताची गरज आहे, असे आढळले. तर एकशे पंचेचाळीस सशक्त माणसांमागे पंधरा गरजवंत. दर शंभरी दहा. वाडी तीच, माणसे तीच, दिवसही तोच. परंतु भार साठावरून अडतीस आणि अडतीसावरून दहा झाला. जुन्या आकड्याने घाबरण्याचे कारण नव्हते, हे या उदाहरणावरून पटावे.

तथापि एवढ्यावर निश्चिंत होणे ही दुसरी चूक होईल. त्या पंधरा गरजवंतांपैकी समजा सहा जण अशा घरांत आहेत की, जेथे दुसरे कोणीच राहत नाही, किंवा जोडीदारही तितकाच थकलेला आहे. सशक्त एकशे पंचेचाळीस माणसे वाडीत आहेत खरी. परंतु ती पाखाडीच्या वरच्या अंगास आहेत, दिवसा बागेत आहेत, किंवा त्यांच्या स्वतःच्याच घरी दुखणे आहे. मुंबईहून दरमहा पैसे येतात. पूर्वी मनीऑर्डरीने येत, आता बँकेत येतात. पैशाच्या मापाने हे घर सुखवस्तू ठरते. परंतु रात्री न्हाणीघरात पाय घसरला तर बँकेतील पैसा हात देत नाही. तेव्हा देशोदेशींच्या पंडितांच्या चार मापांस आपल्या कोकणाने एक पाचवे माप जोडले पाहिजे, असे आम्हांस वाटते. ते माप म्हणजे हाकेच्या अंतरावरचे माणूस. या घरातून हाक मारली असता रात्री ती ऐकून येऊ शकणारी, अंगात बळ असलेली किती माणसे आहेत? वय, आयुष्य, देह आणि पैसा, या चारही मापांत उत्तीर्ण झालेले घर या पाचव्या मापात अनुत्तीर्ण होऊ शकते. आणि आपल्या पट्टीत, हेदवीपासून वेळणेश्वरापर्यंत आणि इकडे तवसाळच्या तरीपर्यंत, अशी घरे किती आहेत हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

या साऱ्यावरून आपल्या ठरावास काय लागू पडते? आमचे नम्र मत असे की, साठ की पासष्ट हा वादच सोडून द्यावा. मर्यादा साठावर ठेवली तर ज्यांस गरज नाही अशा पुष्कळांस थोडे थोडे वाटले जाते, आणि ज्यांस खरोखरी गरज आहे त्यांच्या पदरात पुरेसे पडत नाही. मर्यादा पासष्टावर नेली तर पैसा वाचेल, परंतु तो ज्याची वाचवू नये त्याचीच वाचवील. कारण कष्टाने लवकर झिजलेला, साठ ते पासष्टांमधला माणूसच त्यातून वगळला जाईल. आयुर्मान वाढले म्हणून सर्वांचीच मर्यादा वाढवावी, हा युक्तिवाद ऐकावयास शास्त्रीय वाटतो. परंतु सरासरीने वाढलेली वर्षे प्रत्येकाच्या वाट्यास आलेली नसतात. ज्याच्या वाट्यास ती आली नाहीत त्याच्याकडूनच त्यांची किंमत वसूल करणे हे आपल्या संघास शोभणारे नाही.

त्याऐवजी आम्ही अशी सूचना करितो की, वयाची अट फक्त एका वर्गापुरती ठेवावी: पंचाहत्तरीच्या पुढील आणि एकटे राहणारे, यांस कोणतीही चौकशी न करता साहाय्य द्यावे. बाकी सर्वांच्या बाबतीत गरज हीच अट असावी, मग वय पंचावन्न असो वा सत्तर. गरज ठरविण्यासाठी संघाने घरोघर एक खानेसुमारी करावी. ज्ञातिसंस्थांस हे काम नवे नाही. आपल्या वाडवडिलांनी कुलवृत्तांत सिद्ध करताना वंशावळी, जन्ममृत्यूच्या तिथी आणि गावोगावच्या शाखा किती चिकाटीने गोळा केल्या, हे ते ग्रंथ चाळणाऱ्यांस ठाऊक आहे. त्यांनी गेलेल्यांची नोंद केली. आपण असलेल्यांची करावी.

या खानेसुमारीत फार प्रश्न नसावेत. पहिला, वय किती आणि ते कशावरून. दाखल्यावरून, पत्रिकेवरून की स्मरणावरून. दुसरा, कॅट्झचे सहा प्रश्न. तिसरा, बाजार, औषध आणि बँक ही बाहेरची कामे स्वतः होतात काय. चौथा, रात्री हाकेच्या अंतरावर कोण आहे. पाचवा, घरात पैसा कोठून येतो आणि त्यातून कोणास दिला जातो. आणि सहावा, जो सरकारी तक्त्यात सहसा नसतो: हे वडीलधारे माणूस स्वतः दुसऱ्या कोणाची सेवा करते काय? या शेवटच्या प्रश्नास अनेक घरांतून 'होय' असे उत्तर येईल, अशी आमची खात्री आहे. सत्तरीची सून नव्वदीच्या सासूचे करते आहे, असे एक तरी घर आपल्या प्रत्येक गावात आहे. जुन्या मापाने तेथे दोन अवलंबित. वस्तुतः तेथे एक सेवेकरी आणि एक सेव्य आहे. अशा सुनेस निधीतून पैशापेक्षाही चार दिवसांची उसंत देता आली, तर ते मोठे साहाय्य होईल. बायकांची ही सेवा आपण इतकी गृहीत धरीत आलो की, कोणत्याही हिशेबात ती मांडण्याचे आपणांस सुचले नाही. हे व्यासपीठावरून स्पष्ट बोलले पाहिजे.

कोणी विचारील की, सरकारची जनगणना असताना संघाने हा खटाटोप का करावा? जनगणना अत्यंत मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु २०२१ ची जनगणना महासाथीमुळे ठरल्या वेळी झाली नाही, आणि पुढे तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविण्यात आली. तोवर आपल्या हाती २०११ चेच आकडे. त्या वेळी साठीत असलेली माणसे तोवर पंच्याहत्तरी ओलांडून गेलेली असतील. शिवाय जनगणना जिल्ह्यास उत्तर देते, तालुक्यास देते, गावासही देते; परंतु अमुक घरी रात्री कोण असते, हे ती सांगत नाही, आणि सांगावे अशी अपेक्षाही करू नये. ते काम आपल्यासारख्या, एकमेकांची घरे ओळखणाऱ्या मंडळींचेच आहे. मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. कोणाच्या घरी काय उणे आहे ही माहिती निधीच्या समितीपलीकडे जाऊ नये. मानी माणसे आहेत आपली. उणिवेची चर्चा होणार अशी शंका आली तर ती दारातूनच 'आमचे सर्व ठीक आहे' असे सांगून तुम्हांस परत पाठवतील.

शेवटी मुंबईपुण्याच्या बांधवांस दोन शब्द. आपण निधीस उदार हस्ते देता, उत्सवास येता, आणि गावचे घर पडू देत नाही; याबद्दल गाव आपले ऋणी आहे. परंतु पाचवे माप पैशाने भरून निघत नाही, हे ध्यानी धरावे. आपल्या घराशेजारी कोण राहते, त्याचा दूरध्वनी आपल्याजवळ आहे काय, आणि त्याच्या अडीअडचणीस आपण कधी उभे राहिलो काय, याचा विचार परतीच्या प्रवासात अवश्य करावा. गावात राहणाऱ्या तरुणांस आमची विनंती अशी की, दर वाडीस दोघांनी पुढे यावे आणि खानेसुमारीचे काम पुढील माघी उत्सवापूर्वी पुरे करावे. त्या वेळच्या सभेपुढे ठराव आणताना आपल्याजवळ मते नव्हे, तर माणसांची नोंद असेल. आणि साठ की पासष्ट हा वाद घालण्याची कोणास आवश्यकता वाटणार नाही.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस उदंड आयुष्य व त्या आयुष्यास पुरेसे बळ लाभो, अशी श्रीदशभुजाचरणी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण पुरे करितो.